मुक्कामाला राहिलेला विषाणू

मंगळवार, ७ जानेवारी

आज लेकीनं मला नोकरी दिली. पगार शून्य, चहा दोन वेळा. काम असं, की तिनं बोलायचं आणि मी ऐकायचं, आणि जिथं कळणार नाही तिथं हात वर करायचा.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये तिचं भाषण आहे, सर्वसामान्य लोकांसाठी. प्रयोगशाळेतल्या माणसांसमोर ती घडाघडा बोलते, पण चारचौघांसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल." ही स्तुती की काय ते मी विचारलं नाही. शाळा मी लवकर सोडली. पुढचं शिक्षण कापडाला गुंडाळून येणाऱ्या रद्दीच्या वर्तमानपत्रांवर झालं, त्यामुळे पुष्कळ बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही.

पहिल्याच वाक्याला हात वर करावा लागला. ती म्हणाली, आपल्या प्रत्येक पेशीत शरीर कसं बांधायचं याचा मजकूर असतो, आणि त्या मजकुरात फार जुन्या विषाणूंचे तुकडे आहेत. लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. मी म्हटलं, "थांब, आधी हात धुऊन येतो."

जावईबापू चहासकट खोकायला लागले. लेक म्हणाली, "जो आतच बसलाय, त्याच्यासाठी हात धुऊन काय उपयोग?"

भाषणासाठी कोट मी शिवणार असं जाहीर करून टाकलं. आयुष्यभर पुरुषांचे कोट शिवले, आता पोरीचा एक शिवतो. ती खूश झाली. चहा मात्र तिनं खिडकीतल्या कुंडीत ओतलेला मी पाहिला. पत्ती जुनी झाली असावी. उद्या नवी आणतो.

शनिवार, ११ जानेवारी

मापं घेतली. ट्रंकेतलं गडद निळं गरम कापड किती वर्षं योग्य गिऱ्हाइकाची वाट बघत पडलं होतं. लहानपणी ती एवढी बारीक आणि बोलायला एवढी टोकदार होती, की दुकानात सगळे तिला टाचणी म्हणायचे. मी अजून म्हणतो. छाती, कंबर, पाठ, बाही, सगळी मापं दोनदा घेतली. मास्तर दोनदा मापतो म्हणून एकदाच कापतो.

"श्वास सोड," मी म्हटलं.

"सोडलाय, बाबा."

"मग पोट आत कशाला ओढतेस? कोट तुझ्या पोटाला घालायचाय, फोटोला नाही."

तशी हसली आणि सैल उभी राहिली. सवयीनं मी बाजूच्या शिवणींत बोटभर जास्त कापड आत ठेवलं. आम्ही त्याला दाब म्हणतो. बाहेरून दिसत नाही, पण माणूस बदलला तर कोट बदलता येतो.

रविवार, १९ जानेवारी

धडा दुसरा. विषाणू पेशीत शिरतो. त्यातली एक जात अशी, की स्वतःचा मजकूर आपल्या मजकुरात टाके घालून शिवून टाकते. साध्या पेशीत झालं तर ती पेशी गेली की संपलं. पण असा टाका बीजाच्या पेशीत पडला, त्यातून मूल जन्मलं, तर त्या मुलाच्या अंगभर तोच टाका. मग त्याच्या मुलांत. आणि असं माणूस माणूस होण्याच्याही आधीपासून चालत आलंय.

मी विचारलं, "किती आहे हे सगळं?"

"शंभर मीटरचा तागा धरला, तर त्यात साधारण आठ मीटर."

"आणि आपल्या खऱ्या कामाचं?"

"शरीरातली प्रथिनं कशी करायची एवढंच जिथं लिहिलंय, ते दोन मीटरसुद्धा नाही."

मी टेपवर बोटानं दोनाचा आणि आठाचा आकडा शोधला. मग म्हटलं, "म्हणजे हा घरजावई झाला. आला, जेवला, गादी घातली, आणि निघायचं नावच काढत नाही."

तिनं ते लगेच लिहून घेतलं. जावईबापू टॉवेल खांद्यावर टाकून पोहायला शिकवायच्या वर्गाला निघाले होते. दारातून म्हणाले, "घरजावई झाला. घरसासऱ्याचं काय?"

सगळे हसलो. मीही हसलो. चांगला माणूस आहे, मनात काही ठेवून बोलणारा नाही. पण आता अंथरुणावर पडल्यावर तेच आठवतंय. बायको गेल्यावर 'चार दिवस चला' म्हणून लेकीनं मला इथं आणलं. त्या चार दिवसांचं दीड वर्ष झालं. मधली खोली माझ्या मशीननं, टेबलानं आणि माझ्या घोरण्यानं भरली आहे. हे दोघं बिचारे इस्त्रीचं टेबलसुद्धा स्वयंपाकघरात उघडतात.

गुरुवार, ३० जानेवारी

हे लिहायला नको वाटतं, पण दुसरं सांगणार कुणाला?

कोटाची ट्रायल झाली. खांदे असे बसले, की मीच माझी पाठ थोपटली असती. आणि बटण लागेना. कंबरेत ओढलं, नाही म्हटलं तरी दोन बोटं कमी. चाळीस वर्षांत माझ्या हातून एवढी चूक झाली नाही. एका गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली होता, ते त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, मला टेप न लावता कळलं होतं.

लेकीनं आरशात बघितलं. जावईबापूंकडे बघितलं. ते टॉवेलाची घडी घालायला लागले. माझ्या म्हातारपणाची लाज त्यांनाच वाटली असावी, दोघंही किती जपून वागले. मी म्हटलं, "कापड आटलंय. देतो सोडून." कापड आटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर शिवण उसवून दाबातलं कापड बाहेर काढलं. कुणाला काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

डोळे तपासून घेतले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, नजर छान आहे. म्हणजे हात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भाजी घेऊन परत आलो तर माझी टेप मशीनवर उलटी गुंडाळलेली. आकडे आत. टेप अशी गुंडाळणारा माणूस या घरात एकच आहे, आणि तो पाण्यात हुशार आहे. टेबलावर चिठोऱ्यावर माझ्या खोलीची लांबी-रुंदी, लांबी इंचांत आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये.

दुपारी दारात सुतार उभा. लेक कामावर, जावईबापू तलावावर. म्हणाला, "काका, हीच ना ती खोली? मधलं लाकडी पार्टिशन काढायचंय. पण आधी हे सगळं सामान हलवावं लागेल."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, घाई नाही. भाषण होऊन जाऊ दे."

बघा, किती विचार केलाय. भाषणापर्यंत म्हाताऱ्याला दुखवायचं नाही. मला राग आला नाही, हे मी स्वतःला शपथेवर सांगतो. खोली त्यांची आहे. फक्त त्यांना ते तोंडानं सांगावं लागू नये. पोरीचा चेहरा पडेल, आणि तो पडलेला मला बघवत नाही. त्यापेक्षा आपणच आधी निघावं. पाहुण्यानं दिवा मालवायच्या आधी उठावं, त्यात त्याची आणि घराची दोघांची शोभा राहते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मन खट्टू होतं, पण आजचा दिवस सोन्याचा.

लेक मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. पांढरा अंगरखा दिला, बगलेत घट्ट. शिवणाऱ्यानं बाही कापताना कुठं लक्ष ठेवलं होतं देव जाणे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आधी साध्या पेशी दाखवल्या. प्रत्येकीला आपलं कुंपण आणि मध्ये एक ठिपका, एका साच्यातल्या चाळीतल्या खोल्यांसारख्या. मग दुसरी काच. इथं कुंपणंच नाहीत. एक लांबरुंद पसरलेला थर, आणि त्यात ठिपकेच ठिपके.

"भिंती कुणी पाडल्या?" मी विचारलं.

"त्याच घरजावयानं," लेक म्हणाली. "विषाणूला पेशीत शिरायचं तर तिच्या कातडीला चिकटून एकजीव व्हावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडे एक प्रथिन असतं. ते बनवायचा मजकूर आपल्याकडे राहिला. आता आपलं शरीर तो वापरून पेशी पेशींना जोडतं. हा थर वारेतला आहे, बाबा. नाळेच्या मुळाशी असते ती वार. बाळाच्या बाजूचा. आईच्या रक्ताला हाच टेकलेला असतो. बाळाला खाणंपिणं याच्यातूनच जातं."

"म्हणजे हा नसता तर?"

"तर पोटात बाळ टिकलं नसतं."

एवढं बोलून ती डोळे पुसायला लागली. तिथल्या औषधांचा वास उग्र आहे. मी म्हटलं, खिडकी उघड. म्हणाली, इथल्या खिडक्या उघडत नाहीत.

येताना विचारलं, "हे सगळे तुकडे असेच कामाचे का?"

"छे. बहुतेक नुसते पडून असतात. मोडकेतोडके. काही उपद्रवीही आहेत. थोडेच कामी आले."

थोडेच का होईना. मी माझ्यापुरतं समाधान करून घेतलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काजवाल्याकडे गेलो. आमच्या जुन्या दुकानात काज-बटणं तोच करायचा, आता स्वतःचं दुकान आहे आणि वर एक रिकामी खोली.

"लेकीनं हाकललं?" त्यानं सुई तोंडात धरूनच विचारलं.

"नाही. हाकलायच्या आधी निघावं म्हणतो."

"वा. म्हणजे पान वाढायच्या आधीच हात धुतोस."

खोली बघितली. उजेड बरा आहे. मशीन खिडकीशी बसेल. त्याला सगळं सांगितलं, कोटाचंही. कंबर दोन बोटं चुकली, दाब सोडला, आता माझ्या हाताचा भरवसा नाही.

त्यानं सुई तोंडातून काढली. "पोरगी चहा घेते का हल्ली?"

"सोडलाय तिनं. पत्ती बदलली तरी नको म्हणते."

"आणि खांदे?"

"खांदे फर्मास."

तो असा हसला, की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. "मास्तर, तू आयुष्यभर पुरुषांचेच कोट शिवलेस ना?"

"तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे म्हणूनच विचारतोय. जा घरी. खोली कुठं पळून जात नाही."

दुसऱ्याच्या चुकीला हसायची त्याची खोड तरुणपणापासून आहे. पण मी खोली धरून ठेवायला सांगितली. घरी येऊन पिशवीही भरली. कपडे, चष्मा, कात्री, आणि सगळ्यांत वर माझा तपकिरी कोट. निघताना चांगला कोट अंगावर हवा, लोकांना वाटायला नको की काढून दिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शेवटची ट्रायल. परत घट्ट. मी बघत राहिलो. ही दाब सोडल्यावरची गोष्ट. उरलेला दाबही सोडला, आता आत दोराभर कापड शिल्लक नाही. लेक म्हणाली, "बाबा, किती सांभाळून घेता हो तुम्ही." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

सांभाळून तीच घेतेय. मी टाचण्या गोळा केल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे सावकाश लिहितो.

हॉल निम्म्याहून जास्त भरला होता. मी पहिल्या रांगेत, जावईबापू माझ्या शेजारी, पाय हलवत. पाण्यात हा माणूस स्थिर असतो, खुर्चीत नाही.

लेकीनं सुरुवात अडखळत केली. मग म्हणाली, "माझे वडील याला घरजावई म्हणतात." हॉल हसला आणि तिची जीभ सुटली. पुढे म्हणाली, "पण घरजावयाला कुणीतरी बोलावलेलं असतं. याला कुणी बोलावलं नव्हतं. याचा उपयोग होईल असं कुणी ठरवलंही नव्हतं. हा राहिला, आणि राहता राहता घराचा झाला."

मग ती वारेतल्या थराचं सांगायला लागली आणि पडद्यावर दाखवायला बाजूला वळली. तेव्हा तिचा कोट मला पहिल्यांदाच लांबून आणि बाजूनं दिसला. घरातल्या आरशासमोर मी नेहमी तिच्या कंबरेशी वाकलेला, तोंडात टाचण्या.

पाठ काचेसारखी सपाट. खांदे जागच्या जागी. बगलेत एक चुणी नाही. ओढ होती ती फक्त पुढं, पोटावर, बटणापासून दोन्हीकडे गेलेल्या आडव्या चुण्या. कंबरेचं माप चुकलं असतं तर पाठीनं आधी बोंब मारली असती. चुकलेला कोट सगळीकडून चुकतो. हा कोट चुकला नव्हता. ज्या बाईचं माप मी जानेवारीत घेतलं, तिला तो दाब न सोडताच चपखल बसला असता. मधल्या काळात आत कुणीतरी मुक्कामाला आलं होतं.

तेवढ्यात वाक्य न तोडता तिनं एका हातानं शेवटचं बटण सोडलं, आणि तो हात तिथंच राहिला.

पुढचं भाषण मी ऐकलं नाही. नोकरीत कसूर झाली. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलेलं तेवढं ऐकू आलं, "मग बाई, हे तुकडे परके समजायचे की आपले?"

लेक म्हणाली, "ते नसते तर तुम्ही प्रश्न विचारायला आणि मी उत्तर द्यायला आलो नसतो. आता त्यांना परकं कुणी म्हणायचं?"

टाळ्या वाजल्या. आम्ही तिघं चालत घरी निघालो. कोपऱ्यावर मी म्हटलं, "कोटाची पाठ छान बसलीय."

"हो ना," ती म्हणाली.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं."

दोघं थांबले. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ता. पडद्याकडे वळली तेव्हा."

"बघ," ते तिला म्हणाले, "मी सांगत होतो."

लेक रस्त्यातच कपाळाला हात लावून हसायला लागली. "मला वाटलं तुम्हाला पहिल्या ट्रायललाच कळलं. एक अक्षर न बोलता शिवण सोडून दिलीत. मी याला म्हटलं, बाबांना सगळं कळलंय, पण गेल्या वर्षीसारखं व्हायला नको म्हणून ते तोंडातून काढत नाहीत. म्हणून मीही नाही काढलं."

गेल्या वर्षी ती दोन दिवस दवाखान्यात होती. पोटाचं काहीतरी, एवढंच मला सांगितलं होतं. ते काहीतरी काय होतं, ते आत्ता कळलं. जावईबापू गॅलरीत बसून होते, आणि मला काही सुचेना म्हणून मी घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवले. मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

"काल तपासणी झाली," ती म्हणाली. "सगळं छान आहे."

जरा चालल्यावर मी विचारलं, "आणि सुतार?"

"सुतार तुमच्यामुळेच," जावईबापू म्हणाले. "मधलं पार्टिशन काढलं की अडगळीची खोली तुमच्या खोलीला जोडली जाते. पाळणा तुमच्या मशीनशेजारी ठेवायचा. ही म्हणते, लहानपणी मशीनचा आवाज असल्याशिवाय झोपायचीच नाही. आम्ही दोघं कामावर गेलो की तुमच्याशिवाय आहे कोण? तुम्हाला चालेल ना? तुम्ही काही बोलला नाहीत, आम्ही होकार धरला."

मी म्हटलं, "लांबी इंचांत आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये असलेल्या खोलीत पाळणा बसत नसतो. उद्या मी मापतो."

रविवार, २३ फेब्रुवारी

खोली मापली. पाळणा बसतो. मशीनला तेल घातलं. सकाळीच काजवाल्याला फोन केला, खोली नको. तो म्हणाला, "मी ती धरूनच ठेवली नव्हती. बायकोनं त्यात कांदे पसरलेत."

दुपारी लेक कोट घेऊन आली. तिला तो रोज कामावर घालायचाय, अगदी शेवटपर्यंत. मी सांगितलं, "दाब संपला. आता आत काही नाही. मोठा करायचा तर दोन्ही बाजूंना दुसऱ्या कापडाची पट्टी घालावी लागेल, आणि हे निळं कुठं मिळायचं नाही. जोड दिसेल."

"दिसू दे," टाचणी म्हणाली. "दुसरं कुठलं आहे?"

माझी पिशवी पलंगाखालीच होती, भरलेली. तिच्यासमोर ओढून काढली. तिनं आतले कपडे बघितले, कात्री बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि सगळं समजलं.  वरचा तपकिरी कोट उचलून माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून समोर बसली, शाळेतून आल्यावर दुकानात बसायची तशी.

चांगला कोट आहे. दोनदा मापलं, एकदा कापलं. लांब पट्ट्या पाठीतून निघाल्या. पट्ट्या निळ्यात जोडल्या, उलट्या बाजूनं इस्त्री मारली. जोड दिसतो, पण ओढत नाही.

आता मला निघायचं म्हटलं तरी अंगात घालायला कोट नाही.